पावसाचा रोजमेळ



मागे एकदा स्वाध्याय संपल्यावर आम्ही चौघी-पाचजणी चटईवरच गप्पा मारत बसलो होतो. विषय निघाला आमच्या घरच्या हवामान यंत्राचा. कर्जत-चौक रस्त्याला आमचं घर आहे आणि मागच्या अंगणात एका खांबावर ते पांढरं यंत्र बसवलेलं आहे. वाऱ्यावर गरगर फिरणाऱ्या तीन वाट्या, पावसाचं नरसाळं, छोटीशी सौर पट्टी. येणारा-जाणारा विचारतोच, हे काय म्हणून. त्या दिवशी आमच्यातल्या एका जाणत्या काकू म्हणाल्या, "अगं, पाऊस पडायचा तेवढाच पडणार. तू मोजलास म्हणून काय कमी-जास्त होणार आहे? हे अनर्थदंडात जातं बघ."

काकूंचा अभ्यास मोठा, त्यामुळे मी तेव्हा गप्प बसले. पण घरी येईपर्यंत तो शब्द डोक्यातून गेला नाही. अनर्थदंड म्हणजे ज्यातून काही साधत नाही असं पाप. श्रावकाच्या तीन गुणव्रतांत अनर्थदंडविरती आहे, आणि त्याच्या पाच प्रकारांत प्रमादचर्या आहे. विनाकारण जमीन उकरणं, पाणी सांडणं, झाडपाला तोडणं, हे सगळं त्यात येतं. हौसेखातर अंगणात यंत्र उभारायचं, त्यात मुंग्या-किडे अडकायचे आणि आपण मोबाइलवर आकडे बघून खूश व्हायचं, असंच जर असेल तर काकूंचं बरोबर आहे. मग परिग्रहातही एकाची भर पडली.

दोन पावसाळे मी हे यंत्र सांभाळते आहे. त्या अनुभवावरून माझं मत असं झालं आहे की पाऊस मोजणं अनर्थदंड नाही, पण एका अटीवर. रोज मोजला पाहिजे, खरा लिहिला पाहिजे, आणि त्या आकड्याचा कुणासाठी तरी उपयोग केला पाहिजे. तसं केलं तर तो यत्नाचारच आहे. नुसतं यंत्र बसवून सोडून दिलं तर काकूंचा शब्द लागू. आज तेच सविस्तर लिहिते.

आपल्या भागात मोजायची गरज काय, हे आधी सांगते. मोबाइलवर हवामान खात्याचा इशारा येतो, बहुतेक वेळा संपूर्ण रायगड जिल्ह्याला एकच रंग असतो. पिवळा, नारिंगी किंवा लाल. पण आपला जिल्हा केवढा? एका बाजूला अलिबागचा समुद्र, दुसऱ्या बाजूला माथेरानचा डोंगर आणि बोरघाट. एकाच दिवशी पनवेलला ऊन आणि खोपोलीला झड, हे आपण कितीदा पाहिलं आहे. याचं सर्वांत मोठं उदाहरण तुम्हा सर्वांना आठवत असेल. २६ जुलै २००५ च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम पाऊणशे. दोन्ही केंद्रं हवामान खात्याचीच, दोन्ही आकडे खरे. कुलाब्याच्या माणसाला कुणी सांगितलं असतं की आज मुंबई बुडाली, तर त्याने खिडकीतून बाहेर बघून हसण्यावारी नेलं असतं.

राज्य सरकारच्या महावेध प्रकल्पात महसूल मंडळागणिक स्वयंचलित हवामान केंद्रं बसली आहेत, राज्यभर दोन हजारांहून जास्त. ही मोठीच सोय झाली. पण एका मंडळात कितीतरी गावं आणि वाड्या येतात. कोंडी अशी की यंत्र असतं खाली रस्त्याकडेला आणि वाडी असते वर डोंगराच्या अंगावर. मधल्या जागेत काय पडलं ते कुणीच मोजलेलं नसतं.

या मधल्या जागेबद्दल आपण २०२३ साली फार महाग शिकलो. त्या वर्षी ३ जुलैला आषाढ पौर्णिमा होती. चातुर्मास लागून पंधरवडा उलटला होता. १९ जुलैच्या रात्री खालापूर तालुक्यात, इर्शाळगडाच्या कुशीत, इर्शाळवाडीवर दरड आली. ठाकर समाजाची वाडी, वर जायला गाडीरस्ता नाही. बचावाची माणसं चिखलातून तासभर चढून वर जात होती. २७ मृतदेह सापडले, ५७ माणसं सापडलीच नाहीत, आणि २३ जुलैला शोध थांबवला. १७ ते १९ जुलै या तीन दिवसांत त्या भागात ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचं नंतर विधानसभेत सांगण्यात आलं. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं.

मी कॉमर्सची. हिशेबाची सवय अजून गेलेली नाही. तेव्हा मी माळीण, तळीये, इर्शाळवाडी अशा तारखा एकाखाली एक लिहून पाहिल्या. माळीण ३० जुलै २०१४. महाडजवळचं तळीये २२ जुलै २०२१. इर्शाळवाडी १९ जुलै २०२३. मुंबईचा महापूर २६ जुलै २००५, आणि त्याच पावसात महाड तालुक्यात दासगाव, जुई इथल्या दरडी. आपल्या अगदी दारातलं म्हणाल तर उल्हास नदीला पूर येऊन बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, हजाराच्या वर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं, तो दिवस २७ जुलै २०१९. सगळ्या तारखा १९ ते ३० जुलै या बारा दिवसांत बसतात. शेतकरी पुनर्वसूला तरणा पाऊस म्हणतात आणि पुष्याला म्हातारा. या तारखा तरण्याच्या शेवटी आणि म्हाताऱ्यात येतात.

असं का होत असावं? त्या दिवसांत पाऊस जोरात असतो हे तर खरंच, पण मला हिशेबातली एक गोष्ट आठवते. खातं लिहिताना पान संपलं की खालची बाकी आपण पुढच्या पानावर ओढतो. जमीनही तेच करते. मृगाचं पाणी तिने घेतलं, आर्द्राचं घेतलं, जुलै अर्धा सरेपर्यंत ती तुडुंब झालेली असते. मग जूनमध्ये जो पाऊस डोंगर सहज पिऊन टाकतो, तोच पाऊस जुलैच्या अखेरीला त्याला पेलत नाही. म्हणून एका दिवसाचा आकडा पुरत नाही. कालचा, परवाचा, महिन्याचा असा ओढत आणलेला आकडा लागतो. हवामान खात्याचा इशारा उद्याचं सांगतो. गेल्या तीन दिवसांत आपल्या दारात किती पडलं, हे आपल्या वहीतच मिळतं.

आता माझ्या यंत्राची गोष्ट. ते नातवाने बसवून दिलं. पहिले आठ दिवस घरात सणासारखं वातावरण होतं. हे तर तासातासाला मोबाइल बघायचे. आधी नातवाने ते गच्चीवर, पत्र्याच्या शेडशेजारी बसवलं होतं. मे महिन्यातल्या एका दुपारी त्याने ४७ अंश दाखवले. यांनी लगेच तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. तासाभरात कर्जत देशात सर्वांत गरम, अशी वार्ता आमच्याकडेच परत आली! खरी गोष्ट अशी होती की आम्ही हवा मोजतच नव्हतो. आम्ही तापलेला स्लॅब आणि पत्रा मोजत होतो. तापमापक सावलीत, हवा खेळती राहील अशा पांढऱ्या झडपांच्या पेटीत, गवताळ जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर हवा, असा नियम आहे. आपण तो पाळला नाही आणि आकडा पुढे ढकलला. असत्य बोलायचा हेतू नव्हता, पण खात्री न करता बोललेलं असत्यच ना? दुसऱ्या दिवशी यंत्र खाली अंगणात आणलं आणि ग्रुपवर मी स्वतः लिहिलं की कालचा आकडा चुकीचा होता.

या बाबतीत मला एका बाईंची आठवण सांगावीशी वाटते. अ‍ॅना मणी हे नाव तुमच्यातल्या फार जणींनी ऐकलं नसेल. त्यांचा जन्म १९१८ चा, त्रावणकोर संस्थानातला. बंगळूरला सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली त्यांनी काम केलं, इंग्लंडला जाऊन हवामानाच्या उपकरणांचं शिक्षण घेतलं, आणि १९४८ पासून आपल्या पुण्यात हवामान खात्यात काम केलं. तोवर आपल्याकडे साधी साधी उपकरणंही परदेशातून यायची. ती इथे बनावीत, सगळी एका मापाची असावीत, एकमेकांशी ताडून पाहिलेली असावीत, यासाठी त्या झटल्या. हवामान खात्याच्या उपमहासंचालक म्हणून १९७६ मध्ये निवृत्त झाल्या. पाऊसमापक बघितला की मला वाटतं, मापात चोख राहणं हे बाईचंच काम आहे. घरात दूध, तेल, पीठ, पगार, सगळ्याची मापं आपणच तर ठेवतो.

अंगणात आणल्यावर तापमान ठीक झालं. पावसाचं मात्र पुढेच होतं. या यंत्रात नरसाळ्याखाली एक छोटी डुगडुगणारी पट्टी असते, तिच्या दोन टोकांना दोन चिमुकल्या वाट्या. एक वाटी भरली की पट्टी कलते, पाणी सांडतं, दुसरी वाटी वर येते. प्रत्येक कलण्याला ०.२ मिलिमीटर, अशी यंत्र मोजणी करतं. युक्ती छान आहे. पण जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात बाहेर रस्त्यावरून पाणी वाहतं आहे आणि मोबाइलवर पाऊस शून्य! झाकण उघडून पाहिलं तर त्या पट्टीखाली कुंभारीण माशीने मातीचं घर केलेलं. पाणी जायच्या खालच्या भोकातून ती आत शिरली असणार. पट्टी कलायला जागाच नव्हती.

हे म्हणाले, काडीने काढून टाक, एका मिनिटाचं काम आहे. मैत्रिणींनो, त्या मातीच्या घरात तिची पिल्लं असतात, हे आपल्याला माहीत आहे. इथे माझी खरी परीक्षा झाली. माहितीसाठी यंत्र घ्यायचं आणि त्या माहितीसाठी जीव खरडून टाकायचे, हा तर नुसता अनर्थदंड. मी झाकण परत लावलं. माशी आपोआप बाहेर पडेपर्यंत, म्हणजे जवळजवळ महिनाभर, यंत्राने पाऊस मोजला नाही. मग रिकामं घर काढलं, खालच्या भोकांना बारीक स्टीलची जाळी बसवली. आता दर चार दिवसांनी झाकण उघडून आधी नीट बघते, कोळी-मुंगी असेल तर मऊ ब्रशने उचलून बाजूला ठेवते, मगच साफ करते. फवारा मारत नाही.

त्या महिन्यात मोबाइलवर रोज शून्य दिसत होतं. वर्षअखेरीला यंत्राने बेरीज केली तर तो महिना कोरडा गेला असं म्हणेल! रिकामं आणि शून्य यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पाऊस पडला नाही तर शून्य लिहायचं. मोजला नाही तर 'नोंद नाही' लिहायचं. कुठलाही हिशेबनीस हे सांगेल. इर्शाळवाडी यादीत नव्हती याचा अर्थ तिथे धोका नव्हता असा नव्हता. तिथे कुणी मोजायला गेलं नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ. रिकाम्या जागेला आपण शून्य समजलो.

त्या महिनाभर मी पाऊस कसा मोजला ते सांगते, कारण हे तुम्हालाही एक पैसा खर्च न करता जमेल. स्वयंपाकघरातला सरळ उभ्या कडांचा, फुटभर उंच स्टीलचा डबा घ्या. वरपासून खालपर्यंत रुंदी सारखी हवी, तळ सपाट हवा. बादली चालत नाही, कारण ती वर पसरट असते. बरणी चालत नाही, कारण तिचं तोंड लहान. डबा मोकळ्या जागी ठेवा. भिंत किंवा झाड जेवढं उंच, त्याच्या दुप्पट तरी लांब. भोवती विटा लावा म्हणजे वाऱ्याने कलंडणार नाही. सकाळी बरोबर साडेआठला आत पट्टी उभी धरून पाणी किती मिलिमीटर आहे ते बघा. शाळेच्या पट्टीला शून्याच्या आधी थोडी जागा कोरी असते. ती मोजून आकड्यात मिळवायला विसरू नका, नाहीतर रोज पाच मिलिमीटर कमी भरेल. साडेआठच का, तर हवामान खातंही काल सकाळी साडेआठ ते आज सकाळी साडेआठ असा दिवस धरतं. म्हणजे आपला आकडा त्यांच्याशी ताडता येतो. मोजून झालं की पाणी लगेच झाडाच्या बुंध्याशी ओता. तसंच ठेवलं तर त्यात डासांच्या अळ्या होतात, आणि मग त्या जिवांचं काय करायचं हा नवा प्रश्न. रोज रिकामा केलेला डबा हीच जतना.

आकडा समजून घ्यायला दोन-तीन खुणा लक्षात ठेवल्या तरी पुरे. हवामान खात्याच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार पाऊस, ११५.६ पासून अति जोरदार, आणि २०४.४ च्या वर गेला की अत्यंत जोरदार. आणि एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हजार चौरस फुटांची गच्ची म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर. तिच्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की नऊ हजार लिटरच्या वर पाणी झालं, जवळजवळ एक टँकर. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पडतो. म्हणजे एकेका गच्चीवर पावणेतीन लाख लिटरहून जास्त! आणि एप्रिल-मेमध्ये आपल्याच तालुक्यांतल्या वाड्यांवर बायका हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. पाणी गाळून पिणाऱ्या, थेंबाथेंबात जीव मानणाऱ्या आपण, आपल्याच गच्चीवरून किती पाणी गटारात गेलं हे कधी मोजलंच नव्हतं. मीही नव्हतं. वहीत आकडा लिहिल्यावर लाज वाटली. त्या उन्हाळ्यात आम्ही गच्चीचं पाणी टाकीत घेतलं.

आता मूळ मुद्द्यावर येते. आमच्याकडे कामाला येणारी ताई डोंगरपायथ्याच्या एका वाडीतून येते. मी डबा मोजताना तिने बघितलं आणि म्हणाली, "काकू, डोंगर काय तुमचा डबा बघून पडतो का?" तिचं बोलणं खोटं नाही. पावसाचा आकडा डोंगर पडणार की नाही हे सांगत नाही. उतार केवढा, माती किती, खडक कसा, कुठे भेग पडली, झाडं किती तोडली, यावर ते असतं, आणि ते काम भूगर्भातल्या जाणकारांचं. माझा डबा वाडीपासून लांब आहे, तिकडे याहून जास्त पडलेला असू शकतो. स्यात् म्हणूनच बोलावं लागतं. पण स्यात् म्हणजे गप्प बसणं नव्हे. जेवढं माहीत आहे तेवढं, कुठल्या बाजूने बघून बोलतो आहोत ते सांगून बोलणं.

गेल्या पावसाळ्यात लागोपाठ तीन दिवस डबा भरत राहिला. तिसऱ्या सकाळी तीन दिवसांची बेरीज केली आणि पोटात गोळा आला. ताईला फोन केला, इकडचा आकडा असा असा आहे, तिकडे झऱ्यांचं पाणी गढूळ झालंय का, जमिनीला भेगा दिसतात का, दारं अडकतायत का ते बघ, आणि पोरांना घेऊन दोन रात्री खाली ये. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ हा नंबरही दिला. ती आली, शेजारच्या दोन घरांनाही घेऊन आली. दोन रात्री खाली नातेवाइकांकडे राहिली. डोंगर पडला नाही.

चौथ्या दिवशी ती कामाला आली तेव्हा घुश्शात होती. म्हणाली, "पडला तर नाहीच. तीन दिवसांची मजुरी बुडाली, कोंबड्या वर तशाच राहिल्या." मला वाईट वाटलं. पण विचार केल्यावर कळलं की चूक तिला बोलावण्यात नव्हती. चूक ही होती की माझ्या आकड्याची किंमत मी तिच्या पदरातून मोजली. मी तिला तीन दिवसांचे पैसे दिले, शेजारच्या दोघींनाही दिले, आणि वहीत पावसाच्या आकड्याशेजारी तो खर्च लिहून ठेवला. माझं ठाम मत आहे, गरिबाला घर सोडायला सांगणाऱ्याने त्याच्या बुडालेल्या मजुरीचाही विचार केला पाहिजे. नाहीतर दुसऱ्यांदा तो ऐकणार नाही, आणि दोष त्याचा नसेल.

पावसाच्या अंदाजावरून माणसं हलवणं आपल्याला नवीन नाही. आचार्य भद्रबाहूंची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. बारा वर्षांचा दुष्काळ येणार हे त्यांनी निमित्तज्ञानाने जाणलं आणि मुनिसंघाला दक्षिणेला घेऊन गेले, चंद्रगुप्त मौर्य त्यांच्याबरोबर श्रवणबेळगोळला आले, असं आपली परंपरा सांगते. आपल्याकडे त्यांचं ज्ञान नाही. पण त्या कथेतला एक भाग आपल्याला जमण्यासारखा आहे. जे कळलं ते त्यांनी स्वतःपाशी ठेवलं नाही, संघाची जबाबदारी घेतली. आणि चातुर्मास तरी काय आहे? पावसाळ्यात जमिनीवर जीव वाढतात म्हणून साधूंनी चालणं थांबवायचं. हवा बघून आपलं वागणं बदलणारा आपला धर्म. मग पावसाकडे नीट बघणं हे धर्माबाहेरचं कसं?

परदेशातलं एक उदाहरण सांगते. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्स नावाचं गाव आहे. २८ जुलै १९९७ ला तिथे महापूर आला, पाच माणसं गेली. गावाच्या एका टोकाला चौदा इंचांच्या वर पाऊस आणि काही मैलांवर दोन इंचांहून कमी. सरकारी केंद्रांना ते वेळेत कळलं नाही. पुढच्या वर्षी तिथल्या विद्यापीठातल्या लोकांनी गावकऱ्यांनाच साधे प्लास्टिकचे पाऊसमापक घेऊन रोज सकाळी नोंद कळवायला सांगितलं. १९९८ मध्ये थोड्या घरांतून सुरू झालेलं ते काम आज तिकडे देशभर पसरलं आहे. मोजणारी माणसं कोण, तर निवृत्त मास्तर, शेतकरी, शाळेतली मुलं आणि आपल्यासारख्या घर सांभाळणाऱ्या बाया. महागडं यंत्र नाही, रोजचा नेम हीच त्यांची ताकद.

नेमाच्या बाबतीत आपल्याला कुणी काय शिकवणार! दर चातुर्मासात आपण नियम घेतो. कुणी हिरवी भाजी सोडतं, कुणी एकाशन करतं, कुणी रोज एक तास मौन. काकूंनाही मी हेच सांगणार आहे की या चातुर्मासात आणखी एक नियम घेऊ या. रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजायचा आणि वहीत लिहायचा. कर्जत, नेरळ, चौक, खालापूर, खोपोली, जिथे जिथे आपली घरं आहेत तिथे दहा जणींनी जरी हे केलं तरी डोंगराच्या दोन्ही बाजूंचा पाऊस कळेल. माताजींचा विहार कुठल्या रस्त्याने ठरवायचा, हेही त्यावरून बघता येईल. यंत्र घ्यायची गरज नाही. घेतलंच तर शेजारी डबाही ठेवा. फार जोराच्या पावसात ती कलणारी पट्टी मागे पडते, कमी मोजते. डबा फसवत नाही. आणि आपल्या घरी कामाला येणारी, भाजी-दूध आणणारी कोण कुठल्या वाडीतून येते, तिथे फोन लागतो का, हे त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मग जो खर्च येईल तो समाजाच्या दानातून काढता येईल का, यावर पुढच्या बैठकीत बोलू.

ताईचा राग पुढे निवला. आता ती सकाळी आली की चपला काढायच्या आधी अंगणात जाते आणि विचारते, "काकू, काल किती?" परवा मला उठायला उशीर झाला, तर तिनेच पट्टी धरून आकडा सांगितला. शाळेच्या पट्टीची कोरी जागाही धरली होती. मी वहीत तिच्यासमोर लिहिला.